बाकड्यावरून उठलेला हमाल

बिसरामचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. शहरात मोठ्या गाड्यांना बंदी लागायच्या आत राइस मिलमधली पहिली गाडी भरून निघाली पाहिजे, म्हणून. उठायचं, तांब्याभर पाणी प्यायचं, डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा आणि सायकल काढायची. चहा मिलच्या फाटकावर. सुशिलाबाई चिडायची, "घरचा चहा पोटात गेला तं पोतं जड होते का तुमाले?"

"चहा पिला का माणूस बसते," बिसराम म्हणायचा. "बसला का उठाले जड जाते."

त्याचं गाव नवेगावकडचं, तलावाच्या काठचं. तरुणपणी तो गोंदियात आला आणि फुलचूरच्या अलीकडच्या एका वस्तीत त्याने घर बांधलं. सारं आयुष्य हमालीत गेलं. पोतं कसं उचलावं याबद्दल तो फार कडक होता. पोतं हातांनी उचलायचं नसतं, गुडघ्यांनी उचलायचं असतं. हातातला लोखंडी आकडा पोत्याच्या कानाजवळ, म्हणजे कोपऱ्याजवळच्या शिवणीत लावायचा. पोटात लावला तर तांदूळ गळतो आणि मालकाआधी आपल्यालाच लाज वाटली पाहिजे. आणि पोतं पाठीवर असताना थांबायचं नाही, बोलायचं नाही, मागे पाहायचं नाही. थप्पीला लागेपर्यंत चालायचं. एखादा नवा हमाल मध्येच थबकला, की बिसराम ओरडायचा, "का गा, फोटो काढाले थांबला का?"

असा हा माणूस चौकीच्या बाकड्यावर कसा गेला, ते सांगितलं पाहिजे.

वस्तीच्या तोंडाशी पोलीस चौकी होती. चौकीला पुढे ओसरी, मग एक खोली, आणि तिच्यामागे आणखी एक खोली. सगळा त्रास त्या मागच्या खोलीचा. भाजीच्या गाडीवरून भांडण झालं, दारू प्यालेल्या नवऱ्याची तक्रार घेऊन बाई गेली, स्टेशनवरच्या रिक्षावाल्याने उलट उत्तर दिलं, की माणूस मागच्या खोलीत जायचा आणि गप्प होऊन बाहेर यायचा. आत काय झालं ते कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचंही नाही.

जमुनाबाईने विचारलं. जमुनाबाई बाजारात भाजी विकायची. तीही तलावाच्या गावची. तिच्या भाचीला तक्रार लिहून न घेता दिवसभर ओसरीत उभं ठेवलं, तेव्हा तिने समाजमंदिरात वस्ती गोळा केली.

"आपल्या गावी तलावाची पाळ कशी दुरुस्त होते?" तिने विचारलं. "घरामागं एक माणूस. ज्याचा जो तुकडा वाटून देला, तो त्यानंच मातीनं भरावा. जो येत नाही त्याले कोनी शिव्या देत नाही. त्याचा तुकडा तसाच ठेवते. येता-जाता साऱ्या गावाले दिसते. मंग तो आपोआप येते. तसंच करू. चौकीच्या ओसरीत एक बाकडं ठेवू. रोज एका घराचा एक माणूस तिथं बसन. बोलाचं नाही, भांडाचं नाही. फक्त पाहाचं. ज्या घराची बारी असन, त्यानं यावं. नाही आला, तं बाकडं रिकामं. साऱ्याइले दिसन."

"अन् पोलिसवाले बसू देतीन?" किराणा दुकानवाले इंद्रकुमार म्हणाले.

"नाही देलं तं मी भाजीचं दुकान तिथंच लावीन," जमुनाबाई म्हणाली. लोक हसले. पण ती खरोखर ठाणेदारांकडे गेली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा गेली, सोबत वस्तीतल्या बाया घेऊन गेली. त्यांनी ऐकलं नाही म्हणून आणखी वरच्या साहेबांकडे गेली. शेवटी ठाणेदार कंटाळले की त्यांना पटलं, कोण जाणे, पण त्यांनी मान्य केलं. चौकीत आणलेल्या माणसाला पुढच्याच खोलीत बसवायचं, दार उघडं ठेवायचं आणि ओसरीत वस्तीचा माणूस बसेल.

चौकी सांभाळणाऱ्या जमादारांना ते मुळीच आवडलं नाही. "बढिया है," ते म्हणाले. "घरी एक सासू आहे, आता इथं पण बसवली."

पण बाकडं लागलं, आणि फरक पडला. मागच्या खोलीचं दार बंद राहू लागलं. आलेल्या बाईला बसा म्हणू लागले. तक्रार लिहून घेऊ लागले. चौकीसमोरून जाणारा प्रत्येक जण आधी बाकड्याकडे पाहायचा. इंद्रकुमारांनी आपल्या बारीला दुकानातला नोकर पाठवला, तेव्हा बिसरामनेच त्यांना भर दुकानात टोचलं, "शेठ, तुमची पाठ नोकराले किरायानं देली का? पाळ भराले मालकानं याव लागते." लोक खदखदून हसले. इंद्रकुमार लाल झाले. बिसरामला ते बोलणं फार आवडलं होतं. मिलमध्येही त्याने ते सांगितलं.

मग त्याची बारी आली.

त्या दिवशी त्याने मिलमधून सुटी घेतली, धुतलेलं धोतर नेसला आणि बाकड्यावर जाऊन बसला. रिकामं बसणं हे काम त्याला कधी जमलं नव्हतं. हात कुठे ठेवावे कळेना. सकाळ अशीच गेली. दोन माणसं आली, एकाने मोबाइल हरवल्याचं लिहून दिलं, एक नुसताच पत्ता विचारून गेला.

उन्हं चढल्यावर एक टेम्पो आला. कुठेतरी रेशनचा तांदूळ पकडला होता. जप्तीची पोती मागच्या बाजूच्या मालखान्यात ठेवायची होती. दोन तरुण शिपाई पोती ओढू लागले. एकाने पोत्याला मधोमध धरलं, दुसऱ्याने कान धरून झटका मारला. शिवण उसवली, ओसरीत तांदूळ सांडला. दुसरं पोतं त्यांनी जमिनीवरून घासत नेलं. त्यालाही भोक पडलं.

बिसराम बाकड्यावर बसल्या बसल्या तळमळू लागला. "असं नाही गा," त्याच्या तोंडून निघालं. "खालून घे, खालून."

जमादारांनी ते ऐकलं. "ए मामा, तू तो हमाल है ना? जरा दाखव ना या पोट्ट्यांना. हे तर सगळा तांदूळ इथंच सांडवतील."

बिसराम उठला.

बाकडं सोडायचं नाही, हे त्याला माहीत होतं. उठायचंच असेल तर शेजारच्या घरी हाक मारायची आणि माणूस आल्यावरच उठायचं, असं ठरलेलं होतं. त्याने हाक मारली नाही. डोक्याचा दुपट्टा काढला आणि बाकड्यावर पसरून ठेवला, एसटीत जागा धरावी तसा. मग टेम्पोला पाठ लावली आणि म्हणाला, "ठेव."

पोतं पाठीवर आलं आणि सकाळपासूनचं अवघडलेपण गेलं. त्याने एक नेलं, दुसरं नेलं. मालखान्यात त्या पोरांनी पोती कशीही टाकली होती, ती सरळ करून तळ नीट बसवला. एकावर एक, कान आत, शिवण आत. शिपाई बघत राहिले. एक म्हणाला, "काका, मशीन है क्या?" बिसरामची चाल वाढली.

तेवढ्यात टेकचंदला आणलं.

टेकचंद वस्तीतलाच, स्टेशनवर ई-रिक्षा चालवायचा. हात चालू आणि तोंड त्याहून चालू. त्या सकाळी त्याने जमादारांच्या पाहुण्याकडे भाडं मागितलं होतं. पाहुणा म्हणाला, मी कोण माहीत आहे का? टेकचंद म्हणाला, सवारी आहेस, दुसरं काय? एवढाच त्याचा गुन्हा. बिसराम टेम्पोकडे परत येत होता, तेव्हा त्याने टेकचंदला पायऱ्या चढताना पाहिलं. टेकचंदची नजर बाकड्याकडे गेली. तिथे दुपट्टा होता.

बिसरामने पुढचं पोतं पाठीवर घेतलं.

मालखाना आणि मागची खोली यांच्यात एकच भिंत होती. तो दारात पोचला आणि भिंतीपलीकडून आवाज आला, ओल्या फळीवर फळी आपटावी तसा. मग टेकचंदचा आवाज, "माय वो!" आणि पुन्हा तसाच आवाज.

बिसरामच्या पाठीवर पोतं होतं. तो थांबला नाही. थप्पीपर्यंत गेला, पोतं टाकलं, त्याचा कान आत दाबला, बाजूला जरा बाहेर आलेलं होतं ते तळहाताने ठोकून सरळ केलं. पाठ मोकळी झाली तेव्हा तो ओसरीत जाऊ शकला असता. पुढच्या खोलीच्या दारात नुसता उभा राहिला असता, तरी चाललं असतं. बाकडं त्याच्यासाठीच होतं. पण टेम्पोत थोडीच पोती राहिली होती. काम अर्धवट टाकणं त्याच्या अंगात नव्हतं. असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि तो पुन्हा टेम्पोकडे गेला.

सगळं झाल्यावर तो बाकड्यावर येऊन बसला. दुपट्ट्याने घाम पुसला. जमादारांनी चहा आणवला आणि हमाली त्याच्या हातात ठेवली. "घे मामा, हक्काची है." बिसरामने घेतली.

टेकचंद बाहेर आला तेव्हा बिसरामच्या हातात चहाचा कप होता. टेकचंदने डाव्या कानावर हात दाबून धरला होता. तो समोर उभा राहिला.

"काका, तुमी होते?"

"होतो," बिसराम म्हणाला.

टेकचंदने कपाकडे पाहिलं आणि तो निघून गेला.

रविवारी समाजमंदिरात सभा झाली. ठाणेदार स्वतः आले. टेकचंद कानात कापूस घालून एका बाजूला बसला होता, त्याच्या शेजारी त्याची बायको चंदा. जमादारांनी सांगितलं, की याला समज देऊन सोडलं, कोणी हात लावला नाही, आणि बाकड्यावर दिवसभर वस्तीचा माणूस होता, त्यालाच विचारा.

ठाणेदार म्हणाले, "हे बाकडं मी तुमच्या शब्दावर ठेवू दिलं. आता तुमच्याच माणसाच्या शब्दावर मी चालतो. बोला काका. काय पाहिलं?"

सगळी वस्ती बिसरामकडे वळली. जमुनाबाईने मान हलवली, बोल म्हणून. मी उठलो होतो, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण समोर इंद्रकुमार बसले होते. बिसरामच्या कानात त्याचंच बोलणं वाजलं, पाळ भराले मालकानं याव लागते.

"मी होतो," तो म्हणाला. "मले काही दिसलं नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते बोलणं इतकं वाईट होतं.

चंदा ताडकन उठली. "दिसलं नाही? मंग याचा कान काय उंदरानं खाल्ला?"

"बस तू," टेकचंद तिला म्हणाला. मग ठाणेदारांना म्हणाला, "जाऊ द्या साहेब. बाकड्यानं सांगितलं ना."

सभा उठली. दुसऱ्या दिवसापासून बाकड्यावर बसायला लोक टाळाटाळ करू लागले. बसून तरी काय होते, असं उघड बोलू लागले. एक दिवस ते रिकामं राहिलं, मग आणखी एक दिवस. मागच्या खोलीचं दार पुन्हा उघडू लागलं. टेकचंदच्या कानाचा पडदा फाटला होता, आतली नसही दुखावली होती. डावीकडून येणाऱ्या गाडीचा हॉर्न त्याला कळेना. मनोहर चौकाजवळ एका मोटारीखाली येता येता वाचला, आणि चंदाने त्याची रिक्षा घरीच उभी केली. ती स्वतः बिड्या वळायला बसली. टेकचंद दारात बसून राहायचा. बिसरामची सायकल जाताना पाहायचा.

बिसराम ती सायकल पलीकडच्या गल्लीने नेऊ लागला. मिलमध्ये कोणी पोतं जोरात टाकलं, की तो दचकायचा.

सुशिलाबाईने काही दिवस पाहिलं. मग म्हणाली, "अजी, तुमी रस्ता काऊन बदलला? तिकडून तं लांब पडते."

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, आवाज ऐकू आला तेही आणि नंतर थप्पी सरळ केली तेही. सुशिलाबाईने हातातलं भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"ते पैशे कुठं आहेत?"

"खिशात."

"त्याचं काही आणू नका घरात," ती म्हणाली.

तो जमुनाबाईकडे गेला. ती टोपलीतली वांगी निवडत होती. त्याचं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "मले काऊन सांगून राहिला? जिथं बोलला तिथं सांग."

"साऱ्याइसमोर?"

"साऱ्याइसमोरच तं बोलला होता, बाप्पा."

मग येणाऱ्या रविवारी तो समाजमंदिरात उभा राहिला. ठाणेदारांना जमुनाबाईने बोलावून आणलं होतं. बिसरामला भाषण येत नव्हतं. त्याने खिशातली ती हमाली काढून टेबलावर ठेवली आणि सांगितलं, "मी बाकड्यावर नव्हतो. दुपट्टा होता. मी टेम्पोतला तांदूळ उतरवून राहिलो होतो. टेकचंदले मागच्या खोलीत नेलं. दोनदा मारल्याचा आवाज आला. तो माय म्हणून ओरडला. मले चांगलं ऐकू आलं. मी पोतं नेऊन लावलं, अन् दुसरं आणाले गेलो."

मग इंद्रकुमार म्हणाले, "माझा नोकर तरी बसून होता, बिसराम."

"हो शेठ," बिसराम म्हणाला. "तो बसून होता."

ठाणेदारांनी त्याचा जबाब लिहून घेतला. तांदूळ उतरवताना असलेल्या दोन शिपायांना बोलावलं. ज्याने बिसरामला मशीन म्हटलं होतं, त्या पोराने खरं सांगितलं. जमादारांची चौकशी लागली, त्यांना तिथून हलवलं. मागच्या खोलीचं दार काढून टाकलं. आता तिथे आरपार दिसतं. बाकड्यावर पुन्हा माणसं बसू लागली, एक दिवसही चुकत नाही. वस्तीने एक नियम वाढवला: बाकड्यावर माणूस पाहिजे, कपडा चालत नाही.

लोक बिसरामला बरं म्हणाले. खरं बोलायला छाती लागते, असंही म्हणाले. पण नव्या घराची बारी लागली, की सांगणारा सांगतो, "चहा पाजतीन, गोड बोलतीन, काम सांगतीन. उठाचं नाही. बिसराम करू नको." बाया सांगतात, पोरं सांगतात. त्यात कोणाला काही वाईट वाटत नाही. तो शब्दच तसा पडला आहे. बिसराम जवळून जात असला तर सांगणारा जरा थांबतो, आणि ते थांबणं त्याला जास्त लागतं.

खरं तर त्या दिवाळीनंतर तो हमाली सोडणार होता. गुडघ्यांत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी ओझं बंद सांगितलं होतं आणि सुशिलाबाईने मिलच्या मुनीमाला तसा निरोपही दिला होता. तो निरोप बिसरामने परत घेतला. नवं धान मिलला येऊ लागलं, तेव्हा पहाटे चारला तो फाटकावर हजर होता. गुडघ्यांना पट्टे बांधून त्याने तो हंगाम ओढला. पोरं म्हणाली, हलकी पोती घ्या काका. त्याने घेतली नाहीत. ज्या कामाची मजुरी घ्यायची ते पुरं करायचं, एवढंच त्याला येत होतं, आणि तेच त्याला एकदा नडलंही होतं. संध्याकाळी सायकलवर बसता येत नसे. ती ढकलत घरी यायचा, टेकचंदच्या दारावरून.

होळीच्या आधी तो त्या दारात थांबला. चंदा बिड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली होती.

"डॉक्टर म्हणते नागपूरले कानाची मशीन भेटते," बिसराम म्हणाला. "माझ्याजवळ हमाली आहे. मिलची. दुसरी कोनतीच नाही."

टेकचंद आतून म्हणाला, "तुमचं काही नको आमाले."

बिसराम उभा राहिला. त्याने चौकट धरली.

"नको म्हणाले काय जाते तुमचं," चंदा आत तोंड करून म्हणाली. "दिवसभर बिड्या मी वळून राहिली." तिने सूप बाजूला ठेवलं आणि बिसरामला म्हणाली, "बसू नका आता. कधी जाचं ते सांगा."

तिघं पहाटेच्या गाडीने नागपूरला गेले. टेकचंद वाटेत त्याच्याशी बोलला नाही. परतताना गोंदिया स्टेशनबाहेर आवाजाचा कल्लोळ होता, रिक्षावाले ओरडत होते. टेकचंद डाव्या कानाला हात लावून थोडा वेळ उभा राहिला.

"खरखर लई होते यात," तो म्हणाला, बिसरामकडे न पाहता. मग ओळखीच्या एका रिक्षावाल्याची डावीकडून हाक आली, तसा तो तिकडे वळला आणि चालू लागला.

बिसरामची ती शेवटची हमाली. ती त्या कानात गेली.